खांद्यावरचा वेताळ

सकाळी साडेसहाला कोल्हापूरच्या रंकाळ्यावर फिरायला गेलं की निम्म्या लोकांच्या कानात काही ना काही खुपसलेलं असतं. कुणी जुनी गाणी ऐकतो, कुणी कीर्तन, कुणी शेअरबाजार. पण त्यातच एखादा गडी चालता चालता मध्येच थबकतो, पाण्याकडे बघतो पण त्याला पाणी दिसत नाही, आणि मग एकदम झपाझप चालू लागतो. तो गोष्ट ऐकत असतो. त्याच्या गोष्टीत आत्ताच कुणाचा तरी मुडदा पडलाय, किंवा यानाचा पृथ्वीशी संपर्क तुटलाय, किंवा बंद वाड्याच्या माडीवर कुणीतरी पाऊल टाकलंय. मी हे खात्रीनं सांगतो, कारण मीही त्याच बिरादरीतला.

या बिरादरीचा मूळपुरुष माझ्या मते राजा विक्रम. वेताळ पंचविशी आठवून पाहा. झाडावर लटकलेलं प्रेत राजा खांद्यावर घेतो आणि स्मशानातून चालू लागतो. वेताळाचं तोंड त्याला दिसत नाही. आवाज येतो तो मानेच्या मागून, थेट कानात. पाय चालतायत, हात ओझं सावरण्यात गुंतलेत, वाट अंधारी आहे. मोकळे आहेत ते फक्त कान. बोलायचं नाही ही अट. गोष्ट अशी की तिच्या शेवटी कोडं असायचंच, आणि कोडं सोडवलं की वेताळ पुन्हा झाडावर, म्हणजे पुढचा भाग. अद्भुत आहे, रहस्य आहे, चालता चालता ऐकणं आहे. राहिली होती ती फक्त बॅटरी.

मी विचारात पडलो तो एका हॉर्नमुळे. गंगावेशीत दूध कट्ट्यापाशी होतो. कानात एक भुताटकीची कथा चालू होती, नायक कंदील घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होता, आणि नेमक्या 'तळघर' या शब्दावर गगनबावड्याकडे निघालेल्या एसटीनं कानाजवळ भोंगा मारला. मी दचकलो, बाजूला झालो, पुढे चालू लागलो. दहा पावलांनी लक्षात आलं की 'तळघर' हा शब्द मला पूर्ण ऐकू आला होता. त्याच्या डोक्यावर अख्खा हॉर्न बसलेला असताना! मग तो ऐकला कुणी?

या प्रश्नाचं उत्तर अमेरिकेतल्या रिचर्ड वॉरेन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७० साली शोधलं होतं. त्यानं एक वाक्य ध्वनिमुद्रित केलं, त्यातल्या एका शब्दातला एक वर्ण कापून टाकला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज चिकटवला. २० जणांना ते ऐकवलं. तुम्हाला काही गाळलेलं जाणवलं का, असं विचारल्यावर १९ जण म्हणाले, छे, वाक्य पुरं आहे, मागे कुणीतरी खोकलं एवढंच. विसावा म्हणाला की एक वर्ण गेलाय, पण त्यानं दाखवला तो भलताच. शिवाय खोकला नेमका कुठे आला, हेही धड कुणाला सांगता येईना. वर्ण नव्हताच, तो मेंदूनं तयार करून जागेवर बसवला होता, आणि इतका सफाईनं की सांधा दिसू नये. गंमत म्हणजे खोकल्याऐवजी तिथे नुसती शांतता ठेवली, तर भोक लगेच कळतं. मेंदूला लबाडी करायला आडोसा लागतो. माझा 'तळघर' मी एसटीच्या आडोशानं स्वतःच बनवला होता.

कानाची यंत्रणा बघितली की ही लबाडी किती गरजेची आहे ते कळतं. आवाज म्हणजे हवेचं हलणं. ती हवा कानाच्या पडद्यावर आपटते, पडदा तीन चिमुकल्या हाडांना हलवतो. त्यातलं शेवटचं हाड जेमतेम ३ मिलिमीटरचं, आपल्या शरीरातलं सर्वांत लहान. ते हाड आतल्या एका गोगलगायीसारख्या वेटोळ्यावर टकटक करतं. या वेटोळ्याला शंख म्हणतात, पण अंबाबाईच्या देवळात वाजतो तो शंख डोळ्यांसमोर आणू नका, हा वाटाण्याएवढा. अडीच-पावणेतीन फेरे, उलगडून सरळ केला तर साधारण ३५ मिलिमीटर लांबीचा. आत पाणी आणि केसाळ पेशींच्या रांगा. एका कानात या पेशी पंधरा-सोळा हजार, आणि त्यातही मेंदूला खबर पोचवण्याचं मुख्य काम करतात त्या सुमारे साडेतीन हजारच. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी १२ कोटींच्या घरात असतात, हे शेजारी ठेवून बघा. डोळ्याची ती एवढी मोठी फौज. इकडे आकाशगंगा, टोळधाडीसारखी येणारी परग्रहवासीयांची यानं, बंद खोलीतला खून, सात दरवाजांमागचा खजिना, हे सगळं आत शिरतं ते या साडेतीन हजार केसाळ शिपायांच्या हातून.

त्यांची मांडणीही न्यारी आहे. शंखाच्या तोंडाशी बसलेले उंच पट्टीच्या आवाजाला डोलतात, आतल्या टोकाचे खर्जाला. हे जॉर्ज फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञानं मेलेल्या माणसांच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं आणि त्याबद्दल त्याला १९६१चं नोबेल मिळालं. वय झालं की पहिल्यांदा थकतात ते तोंडाशी बसलेले. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे आधी 'स', 'श', 'फ' जातात. हे वर्ण उंच पट्टीतल्या सळसळीचे बनलेले असतात. आणि गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. (मिरवणुकीत साउंड सिस्टीमच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं. मी सांगितलं होतं. त्यांना ऐकू गेलं नाही.)

आता माझ्या आत्तीची ओळख करून द्यायला हवी. आत्तीचं वय ७४, मुक्काम शिवाजी पेठ. सगळा जन्म वाचण्यात गेला. करवीर नगर वाचन मंदिर, म्हणजे १८५० सालापासून चालू असलेलं आमच्या गावचं ग्रंथालय, तिथून बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं आधी तिचे वडील आणायचे आणि ते झोपले की ती वाचायची. झुंजार आणि काळा पहाड ही तिच्या बालपणीची दैवतं. पुढे नारायण धारप आले, रत्नाकर मतकरी आले. मग मोतीबिंदू आला. शस्त्रक्रिया झाली, पण बारीक टाइप काही नीट दिसेना, तेव्हा मी तिच्या मोबाइलवर गोष्टी ऐकायची सोय करून दिली. पहिल्याच रात्री धारप लावला. सकाळी फोन: "मी झोपलोच न्हाई रातभर." ती बाईमाणूस असून 'झोपलो' कशी म्हणते, असा प्रश्न कोल्हापूरबाहेरच्यांना पडला असेल. आमच्याकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

परवा तिच्याकडे गेलो तेव्हा ती भाकरी थापत होती आणि कट्ट्यावर फोनमधून एक रहस्यकथा चालली होती. तिचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यानं तुमचा रस जाईल. पुण्यातल्या एका कुटुंबाला रात्री-अपरात्री धमकीचे फोन येतायत. फोनवरचा माणूस कुजबुजत बोलतो. घरच्यांचा संशय धाकट्या दिरावर, पोलिसांचा जुन्या भाडेकरूवर. निम्मी कथा शिल्लक होती. आत्ती तव्यावर भाकरी टाकत म्हणाली, "आरं, त्यो न्हाई. ती हाय. बाई हाय ती."

"कशावरनं?"

"ऐकलं म्हणून."

पुढे काही सांगेना. गोष्ट संपेपर्यंत बोलायचं नाही, हा तिच्याकडे विक्रमाच्या काळापासूनचा नियम.

तोवर आपण जरा मागे जाऊ. ऐकण्याची पुस्तकं ही मोबाइलनं आणलेली चूष नव्हे. एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ केला आणि त्यात आधी एक बालगीत म्हटलं. त्या यंत्राचे काय काय उपयोग होतील याची जी यादी त्यानं केली, तिच्यात आंधळ्यांसाठी बोलती पुस्तकं होती. पण तबकडीवर चार मिनिटांपलीकडे काही मावेना, तेव्हा कादंबरी ऐकायची तर बैलगाडी लागली असती. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक घरी परतले आणि ही निकड खरी झाली. बोटांना ब्रेल शिकवणं प्रौढ वयात अवघड जातं. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी बोलत्या पुस्तकांची सेवा सुरू झाली. तबकडी मुद्दाम सावकाश फिरवून एका बाजूला २५ मिनिटं बसवली, तरी एका कादंबरीच्या दहाएक तबकड्या व्हायच्या. आणि सगळ्यात आधी घरपोच झालेली पुस्तकं कोणती? त्यातलं एक होतं अगाथा ख्रिस्तीचं 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'. म्हणजे सुरुवातीलाच रहस्यकथा! ज्यांनी ती १९२६ची कादंबरी वाचली आहे, ते आत्ता गालात हसत असतील. ती एक खेडेगावातला डॉक्टर आपल्याला सांगतो. ती कुणाच्या तरी आवाजात ऐकणं हा वाचण्यापेक्षा निराळाच प्रकार आहे, आणि का, ते मी सांगणार नाही.

आपल्याकडे नभोनाट्यं होती. आत्तीच्या पिढीला सांगली आकाशवाणीवरच्या श्रुतिका अजून आठवतात. दार कुरकुरल्याच्या एका आवाजात अख्खा वाडा उभा राहायचा. आवाजाचं वेड म्हणाल तर मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली याच गावात प्रभातनं बनवला. आणि पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांनी तर छापलेली कथा व्यासपीठावर आणून गावोगाव मांडव भरवले. कथाकथन ऐकणं हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. स्वीडनची एक कंपनी २०१७ साली ऐकण्याची पुस्तकं घेऊन भारतात आली, तेव्हा इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला तिनं मराठीला पहिल्या दिवसापासून घेतलं, यात मला मुळीच नवल वाटलं नाही.

आता विज्ञानकथेकडे, कारण ती आमच्या घरची. जयंत नारळीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. वडील विष्णुपंत कोल्हापूरचेच, आई हुजूरबाजारांची, तेही इथलेच. बालपण मात्र बनारसला गेलं, वडील तिथे विद्यापीठात गणित शिकवत. घरी शिकायला राहिलेले मोरूमामा भिंतीवरच्या फळ्यावर एखादं गणिती कोडं लिहून ठेवायचे, वर लिहायचे 'चॅलेंज प्रॉब्लेम फॉर जेव्हीएन', आणि ते सुटेपर्यंत किंवा भाचा हार मानेपर्यंत फळा पुसायचा नाही. जयंताला त्या वयात वेताळ भेटला होता म्हणायचा, रोज एक कोडं घालणारा.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली. नारळीकर तोवर जगाला माहीत झालेले शास्त्रज्ञ. आपलं नाव बघून परीक्षक दबतील म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी केली: ज. वि. ना.चे झाले ना. वि. ज., म्हणजे नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येईल ही भीती होती, म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. 'कृष्णविवर' नावाच्या त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मामानं फळ्यावर लिहिलेली ती तीन अक्षरं भाच्यानं ३६व्या वर्षी उलटी करून वापरली, हे मला कथेइतकंच आवडतं. रहस्यलेखकांच्या पंगतीत हे जुनंच आहे म्हणा. हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर कागदोपत्री चंद्रकांत सखाराम चव्हाण होते.

पण कल्पना करा, ती स्पर्धा ध्वनिमुद्रित कथांची असती तर? नाव बदलता येतं, अक्षर बायकोचं घेता येतं. आवाजाचं काय करणार? अक्षर बोटांतून येतं, आवाज मात्र घसा, टाळू, जीभ, नाकाच्या पोकळ्या या सगळ्यांच्या घडणीतून येतो. 'हॅलो' म्हटल्या म्हटल्या आपण माणूस ओळखतो, त्याला पडसं झालंय हेही ओळखतो.

आणि मराठीत तर वाचणाऱ्याला लपायला जागाच नाही. 'जग' हा शब्द घ्या. कागदावर दोन अक्षरं. पण 'जग फार मोठं आहे' यातला 'ज' टाळूवरचा, 'जहाज'मधल्या पहिल्या 'ज'सारखा. आणि 'बाळा, तू जग' यातला 'ज' दातांपाशी घासून येणारा, 'जवळ'मधल्यासारखा. लिपी दोन्हीला एकच चिन्ह देते. 'चार'चंही तेच: रुपये चार, आणि म्हशीला चार. छापील पुस्तकात हा प्रश्न वाचकावर ढकलता येतो, आपण मनात काहीतरी वाचून पुढे सरकतो. मायक्रोफोनपुढे बसलेल्या माणसाला एक बाजू निवडावीच लागते. आता समजा, विज्ञानकथेत उजाड ग्रहावर पुरलेल्या यंत्राच्या पडद्यावर एकच शब्द उमटतो: जग. ही माहिती की आज्ञा? कागदावर लेखकाला हा घोळ पानभर झुलवता येईल. ऐकणाऱ्याला मात्र पहिल्या क्षणी सुगावा लागणार, वाचणाऱ्याची जीभ टाळूला लागली की दातांना, एवढ्यावर. मराठी वाचायला शिकवलेली यंत्रं अजूनही नेमकी इथेच ठेचकाळतात. ती अक्षरं बघतात, आणि अक्षरांत उत्तर नसतं.

हे सगळं मी आत्तीला सांगत होतो, निम्मं तिच्या कानावर पडलं असेल. कथा शेवटाला आली होती. फोनवर धमक्या देणारी व्यक्ती निघाली घरातली थोरली नणंद. बाई!

"आता सांग."

आत्तीनं हात पुसले. "सगळी धमकी काय? 'मी येईन', 'बघून घेईन', 'सोडणार न्हाई'. एकदा तरी 'येतो' म्हणला का? बापय असता तर 'बघतो तुला' म्हणला असता."

मी खुर्चीत बसलो. अर्धं आयुष्य मराठीत लिहितोय आणि हे मला कधी दिसलं नव्हतं. मराठी क्रियापद चहाडखोर आहे: 'मी येतो', 'मी येते', 'मी उभा होतो', 'मी उभी होते'. तोंड उघडलं की लिंग फुटतं. पण त्याला दोन-तीन चोरवाटा आहेत. भविष्यकाळात 'येईन', 'मारीन', 'सोडणार नाही' बाई म्हणो की बुवा, रूप तेच. (हिंदीत ही सोय नाही, 'आऊँगा' आणि 'आऊँगी' लगेच पकडले जातात.) दुसरी वाट भूतकाळातली: 'मी दार उघडलं', 'मी खून केला'. इथे क्रियापद चालतं ते दाराच्या आणि खुनाच्या मागे, करणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे मराठीत खुनाची कबुली देऊनही आपण कोण ते लपवता येतं, पण घटनास्थळी 'आलो' म्हटलं की संपलं! तिसरी वाट जुन्या वळणाची: 'मी तिथे रोज जात असे.' त्या लेखकानं धमकीचं प्रत्येक वाक्य या गल्ल्यांतून काढलं होतं. इंग्रजी लेखकाला यातलं काहीच करावं लागत नाही, तिथे क्रियापद मुकं आहे.

"पण तू तर स्वतः 'येतो' म्हणतेस," मी म्हटलं.

"आमी बायका 'येतो'च म्हणतो हितं. पर गोष्ट पुण्यातली हाय न्हवं? तितल्या बायका 'येते' म्हणत्यात. कानाला लागतंय त्ये. म्हणून तर तिला लपवाय लागलं."

गोष्ट कोल्हापुरात घडली असती तर लेखकाचे सगळे कष्ट वाचले असते. खलनायिकेनं खुशाल 'येतो' म्हणावं, आणि बाहेरच्या जिल्ह्यातल्या फौजदारानं खुशाल पुरुष शोधत फिरावं. हे कथाबीज कुणाला हवं असेल तर घ्या.

कुजबुजीचंही कारण मग उमगलं. आपण बोलतो तेव्हा घशातल्या स्वरतंतूंची कंपनं आवाजाची पट्टी ठरवतात. पुरुषाची साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे, बाईची दोनशेच्या पुढे. कुजबुजताना तंतू कापतच नाहीत, नुसता वारा जातो. पट्टीच उरत नाही, आणि बाई की पुरुष याची मुख्य खूण पुसली जाते. वाचणाऱ्या कलावंतानं फोनवरची वाक्यं नुसती वातावरणनिर्मिती म्हणून कुजबुजत म्हटली नव्हती. तो लेखकाच्या कटात सामील होता.

आत्ती लेखकाच्या पुढे पळत होती, हे मात्र शास्त्राला ठाऊक आहे. २०१० साली प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी एका बाईला मेंदूचा स्कॅनर चालू असताना एक अनुभव सांगायला लावला आणि मग ते ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांचे मेंदू तपासले. ऐकणाऱ्यांच्या मेंदूत सांगणारीच्याच मेंदूसारख्या हालचाली उठत होत्या, थोड्या उशिरानं, डोंगरातल्या प्रतिध्वनीसारख्या. इथवर ठीक. पण काही भागांत ऐकणाऱ्याचा मेंदू सांगणारीच्या पुढे होता. ती तिथे पोचण्याआधी हा पोचून बसलेला! आणि ज्याचा मेंदू असा जास्त पुढे पळत होता, त्याला गोष्ट जास्त समजली होती. गोष्ट रशियनमध्ये सांगितली गेली, आणि ऐकणाऱ्यांना रशियन येत नव्हतं, तेव्हा ही जुळणी नाहीशी झाली.

आता कुणी विचारेल, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हेच की. बर्कलीच्या प्रयोगशाळेत २०१९ साली नऊ जणांना त्याच त्या गोष्टी एकदा वाचायला आणि एकदा ऐकायला दिल्या, आणि शब्दांचे अर्थ मेंदूत कुठे कुठे उजळतात याचे नकाशे काढले. दोन्ही नकाशे जवळपास सारखे निघाले. दारं दोन, वाडा एक. फरक वाड्याबाहेर आहे. पुस्तक हातात असलं की वेळ आपल्या मालकीचा: मागचं पान बघता येतं, नावं विसरली की शोधता येतात, आणि पापी माणसाला शेवटचं पान आधी वाचता येतं. (आत्ती लहानपणी हे करायची. तिनंच सांगितलं.) ऐकताना वेळ सांगणाऱ्याच्या मुठीत असतो. 'आणि दार उघडून आत आला' यानंतर तो दीड सेकंद थांबला की आपल्याला थांबावंच लागतं, आणि त्या दीड सेकंदात आपला मेंदू पुढे धावून दहा माणसं दारात उभी करून येतो. मजा त्या दीड सेकंदाची आहे. म्हणून दीडपट वेगानं रहस्यकथा ऐकणारे लोक मला समजत नाहीत. यंत्राला यात काही अवघड नाही. पूर्वी टेप जोरात फिरवली की आवाज चिरका व्हायचा, आता बोलण्याचे सेकंदाच्या काही शतांश भागांएवढे तुकडे करून एकमेकांवर सरकवतात, काळ आखडतो आणि पट्टी तीच राहते. पण आखडताना शांतताही आखडते. कृष्णविवराजवळ घड्याळं मंदावतात, हे नारळीकरांनी मराठी वाचकाला गोष्टींतून समजावलं. गोष्टीत काळ मंदावावा म्हणूनच तर आपण आत शिरतो. तिथे जाऊन घाई कसली करायची?

त्यांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोचतात, जिथे पानिपतावर मराठे जिंकले आहेत. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे चाटून गेलेली असते. एवढासा फरक, आणि पुढचं सगळं निराळं. कथा मूळची छापील, इंग्रजीतून ती अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही गेली आहे. पण ती एकदा मोठ्यानं वाचून दुसऱ्याला ऐकवा. गोळी लागली की चाटून गेली, या वाक्यापाशी पोचलात की आपोआप थांबाल, आणि समोरचा माणूस श्वास धरेल. मी आत्तीला ऐकवली तेव्हा तिनं लाटणं खाली ठेवलं होतं.

त्या रहस्यकथेच्या दिवशी निघताना तिनं विचारलं, "ह्यो वाचणारा बाबा दिसाय कसा असंल रं?"

मी म्हटलं, थांब, बघू, फोटो असणार. फोन हातात घेतला, नाव टाकलं. चाक फिरायला लागलं.

पिठाचा हात आडवा आला. "नगं. दावू नगंस." मग तोच हात कट्ट्याकडे दाखवत म्हणाली, "फुडची लाव."